टेबलटॉप रोलप्लेइंग (डी अँड डी वगैरे): नवख्याला ग्रुप कुठे आणि कसा मिळतो?

कोरीपाटी

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा तशा प्रकारचे टेबलाभोवती बसून खेळायचे रोलप्लेइंग गेम शिकायचे आहेत. राहायला पुण्यात. ओळखीत खेळणारं कुणी नाही. शनिवार-रविवार मोकळे, एरवी रात्री नऊनंतर वेळ असतो. लॅपटॉप आहे, फासे, पुस्तकं काही नाही. ग्रुप शोधायचा कुठे? जाण्याआधी नियम किती यायला हवेत? खर्च किती? आणि अनोळखी लोकांच्या जमलेल्या टेबलावर शिरायचं कसं? शोध घेतला तेव्हा जुना धागा सापडला, पण तो बोर्डगेमचा निघाला.

तिरपा_फासा

आधी यातलं गणित समजून घ्या, म्हणजे उत्तरं आली नाहीत तरी मनाला लागणार नाही. एका टेबलाला एक गेम मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा, लागतो. डी अँड डीत त्याला डीएम म्हणतात, कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळात कीपर. तो सोयीने तीन ते पाच खेळाडू सांभाळतो. सहाच्या पुढे गेलं की लढाईत एकेकाची पाळी यायला इतका वेळ लागतो की लोक मोबाइल काढून बसतात. खेळायचं सगळ्यांना असतं, चालवायचं मोजक्यांना. म्हणून डीएमच्या एका जाहिरातीवर अर्जांचा पाऊस पडतो आणि 'मला कुणी खेळायला घ्या' या जाहिरातीकडे कुत्रं फिरकत नाही.

यावरून दोन गोष्टी. पहिली: जाहिरात टाकून वाट बघू नका, दुसऱ्यांच्या जाहिरातींना उत्तरं द्या. रेडिटच्या एलएफजी ('लुकिंग फॉर ग्रुप') सबरेडिटवर प्रत्येक पोस्टला फ्लेअर, म्हणजे प्रकार सांगणारी चिठ्ठी, असतो, त्यातल्या 'खेळाडू हवेत' वाल्या पोस्ट रोज चाळा. दुसरी: कॅम्पेन शोधू नका, वन-शॉट शोधा. कॅम्पेन म्हणजे महिनोन्महिने चालणारी गोष्ट; डीएम अनोळखी माणसाला तिथे सहजी घेत नाही. वन-शॉट तीन-चार तासांत संपतो, तुम्ही कसेही निघालात तरी त्याचं फारसं बिघडत नाही, त्यामुळे तिथे हात सैल असतो. कॅम्पेनमधल्या रिकाम्या जागा बहुतेक वेळा वन-शॉटला आलेल्या लोकांतूनच भरल्या जातात, त्याची जाहिरात कधी लागतच नाही.

ठाणे_स्लो

+१. पुण्या-मुंबईत बोर्डगेम कॅफे आहेत, पण त्यांच्या 'गेम नाइट' बहुतेक कटान आणि पत्त्यांच्या खेळांच्या असतात. नुसतं जाऊन बसलात तर आरपीजी दिसणारच नाही. काउंटरवर थेट विचारा: 'इथे डी अँड डीचं टेबल कुणी चालवतं का, आणि त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे का?' इन्स्टाग्रामवर दिसतो तो फक्त मोठा इव्हेंट. नेहमीची टेबलं ग्रुपवरच ठरतात, आणि जागा सुटली तर संध्याकाळी चार वाजता 'आज सातला एक सीट आहे' असा मेसेज येतो. ग्रुपमध्ये असाल तर ती सीट तुमची.

कॅफेत खर्च दोन प्रकारचा: बसण्याचे तासाचे पैसे किंवा ठरावीक रकमेची ऑर्डर, आणि कुठे कुठे डीएमची वेगळी फी. सगळं आधी विचारून घ्या. शनिवारी रात्री कॅफेत इतका गोंगाट असतो की टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस ऐकू येत नाही. पहिल्यांदा रविवार सकाळ किंवा आठवड्यातला मधला दिवस बरा. मुंबईकरांसाठी जादा सूचना: सेशन 'दहाला संपेल' याचा अर्थ साडेदहा. परतीची गाडी त्या हिशेबाने बघा.

इंजिनीअरिंग आणि डिझाइन कॉलेजांतल्या गेमिंग क्लबांकडेही चौकशी करा. बाहेरच्यांना घेतात की नाही ते क्लबवर अवलंबून.

घोरपड

ऑनलाइनचं सांगतो, कारण नाशिक, कोल्हापूर, नगरवाल्यांना मुख्य रस्ता तोच आहे.

जागा तीन. रोल२० या ऑनलाइन खेळायच्या साइटच्या ग्रुप-शोध पानावर फिल्टर आहेत: खेळ कोणता, फुकट की सशुल्क, नव्या खेळाडूंचं स्वागत आहे का. शेवटचं आधी लावा. मग रेडिट. मग डिस्कॉर्डचे (आवाजी आणि लेखी गप्पांचं अ‍ॅप) सर्व्हर. त्यातले 'वेस्ट मार्चेस' पद्धतीचे तुमच्यासारख्याला सगळ्यांत सोयीचे. तिथे खेळाडूंची मोठी जत्रा आणि डीएम अनेक. डीएम सेशन जाहीर करतो, ज्याला जमेल तो नाव नोंदवतो. दर आठवड्याचं बंधन नाही, आणि दोन महिन्यांत वेगवेगळ्या डीएमच्या हाताखाली खेळून आपल्याला काय रुचतं ते कळतं.

खरी अडचण वेळेची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सात म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. ब्रिटनमधले सात म्हणजे आपले रात्री साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. ते जमणार नाही. जमतं ते असं: दुबईतले रात्री आठ म्हणजे आपले साडेनऊ. सिंगापूरचे रात्री आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. आणि बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट, अमेरिकेतले शनिवार सकाळचे गेम: पूर्व किनाऱ्यावर सकाळी अकरा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्री साडेआठ, कॅलिफोर्नियात सकाळी नऊ म्हणजे साडेनऊ. सकाळच्या गेमना तिकडे गर्दी कमी असते, म्हणून डीएम भारतातला खेळाडू आनंदाने घेतो.

घड्याळ बदलण्याच्या आठवड्यांत गोंधळ ठरलेला. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ हलवते, युरोप मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधले दिवस टेबलावर अमेरिकन आणि युरोपियन दोन्ही असतील तर तिघांची तीन गणितं. डिस्कॉर्डमध्ये टाइमस्टॅम्प टाकला की ज्याला त्याला आपल्या घड्याळाची वेळ दिसते; डीएमला तोच टाकायला सांगा.

कोरीपाटी

बरंच कळलं. एका वन-शॉटच्या जाहिरातीला असं उत्तर लिहिलंय, पाठवण्याआधी बघाल का?

'नमस्कार, मी नवीन आहे पण शिकण्याची खूप आवड आहे. मला फँटसी खूप आवडतं. माझ्या पात्राची कथा सोबत जोडली आहे (४ पानं). कृपया संधी द्यावी.'

सांजवात

चार पानं काढा, आत्ताच्या आत्ता. :)

डीएम अर्ज वाचताना तीन गोष्टी शोधत असतो: हा माणूस ठरल्या वेळी येईल का, दुसऱ्यांना बोलू देईल का, आणि माझी जाहिरात याने वाचली आहे का. तुमच्या उत्तरात तिन्हीचा पत्ता नाही. 'आवड आहे' सगळेच लिहितात. बऱ्याच जाहिरातींच्या मधोमध एखादा प्रश्न किंवा परवलीचा शब्द पेरलेला असतो. तो उत्तरात नसेल तर पुढचं कुणी वाचतच नाही.

असं लिहून बघा:

'वन-शॉटसाठी अर्ज. वय २६, पुणे, भारतीय प्रमाणवेळ. शनिवारी रात्री ८ ते १२ नक्की मोकळा, तुमची वेळ माझ्याकडे साडेआठ होते, ती चालेल. आधी खेळलेलो नाही. मोफत नियमांतला पात्र बनवण्याचा आणि लढाईचा भाग वाचला आहे. लॅपटॉप, मायक्रोफोनसह हेडसेट आणि डिस्कॉर्ड आहे. तयार पात्र दिलंत तर ते घेईन. कोडी आणि संवाद आवडतात, रक्तपाताची फार बारीक वर्णनं नकोत. तुमच्या जाहिरातीतल्या प्रश्नाचं उत्तर: बोक्याला वाचवेन, मग पेटी उघडेन.'

सात-आठ ओळी पुरे. 'तयार पात्र घेईन' या वाक्याला किंमत आहे, कारण नवख्याचं पात्र बनवून देण्यात डीएमचा तास-दीड तास जातो. आणि नवखे आहोत हे लपवू नका. पहिल्या पाच मिनिटांत कळतंच.

कवडीचुंबक

खर्चाचं माझ्याकडे. सुरुवातीला शून्य रुपये. खरंच शून्य.

डी अँड डीचे मूळ नियम फुकट आहेत. पाचव्या आवृत्तीचा एसआरडी, म्हणजे नियमांचा पायाभूत संच, जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आला आणि २०२५मध्ये सुधारित नियमांचाही आला. डी अँड डी बियाँड या अधिकृत साइटवर फुकट खात्यात सहा पात्रं ठेवता येतात. पॅथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाचे झाडून सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर अधिकृतपणे मोफत. कॉल ऑफ क्थुलूचे क्विक-स्टार्ट नियमही मोफत. फासे डिस्कॉर्डच्या बॉटमध्ये टाकता येतात.

प्रत्यक्ष टेबलावर जायचं ठरलं तरच सात फाशांचा संच घ्या: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, आणि दहा बाजूंचे दोन; त्यातल्या एकावर ००, १०, २० असे दशक छापलेले असतात, दोन्ही मिळून शतांश काढायला. साधा अ‍ॅक्रिलिकचा संच काहीशे रुपयांत येतो. धातूचे घेऊ नका, कॅफेच्या काचेच्या टेबलावर टाकलेत तर मालक बाहेर काढेल. पात्राचा तक्ता झेरॉक्सवाल्याकडे छापा आणि पेन्सिलने भरा. हिट पॉइंट (पात्राचा जीव किती उरला त्याचा आकडा) तासात दहा वेळा खोडावे लागतात, पेनने भरलं की कागद वाया.

छापील पुस्तकं बहुतेक आयात होऊन येतात, महाग पडतात. ग्रुप जमल्यावर पाच जणांत एक घ्या.

तिरपा_फासा

यात एक खाच आहे. पुस्तक कोणाचंही असो, टेबल २०१४च्या नियमांवर चालतंय की २०२४च्या, हे पात्र बनवण्याआधी विचारा. २०१४च्या पुस्तकात गुणांमधली (ताकद, चपळाई वगैरेंच्या आकड्यांमधली) वाढ पात्राच्या वंशातून येते, २०२४मध्ये ती बॅकग्राउंडमधून येते आणि सोबत एक फीटही (जादा कसब) मिळते. शस्त्रांना मास्टरी (शस्त्राची खास करामत) आली आहे. नवखा माणूस अर्धं पात्र एका व्हिडिओवरून आणि अर्धं दुसऱ्यावरून बनवतो, बोनस दोनदा धरतो, आणि पहिला अर्धा तास ते निस्तरण्यात जातो.

कोरीपाटी

मग नियम नेमके किती वाचू? पुस्तक तीनशेच्या वर पानांचं आहे म्हणे.

तिरपा_फासा

एक यंत्रणा कळली की पुरे: वीस बाजूंचा फासा, अधिक गुणाचा मॉडिफायर, त्या कामात प्रवीण असाल तर प्रोफिशिएन्सी बोनस (पहिल्या ते चौथ्या लेव्हलला +२), आणि एकूण बेरीज डीएमने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की काम फत्ते. सोप्याला १०, मध्यमाला १५, अवघडाला २०. मॉडिफायर काढायचा तर गुणातून १० वजा, निम्मे, खाली पूर्णांक. १६ ला +३, ९ ला −१. मिळून +५ असेल तर १५ चं काम साधायला फाशावर किमान १० हवेत, म्हणजे ५५ टक्के संधी. एवढं आलं की 'मी काय करू शकतो' याचा अंदाज येतो.

त्याच्यावर लढाईतली आपली पाळी: एक हालचाल, एक अ‍ॅक्शन, असलीच तर एक बोनस अ‍ॅक्शन, आणि दुसऱ्याच्या पाळीत एक रिअ‍ॅक्शन. बाकी टेबलावर शिका.

पात्र मात्र विचारपूर्वक. पहिल्यांदा फायटर, बार्बेरियन किंवा रोग (rogue, चोर-हेर) घ्या. विझार्ड आणि ड्रुइड टाळा. मंत्रांची यादी वाचत बसलात की चार जण तुमच्याकडे बघत बसतात. शिवाय पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट ६ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर. गॉब्लिनचा एक वार सरासरी ५. दोन वारांत आडवे, आणि मग अर्धा तास 'डेथ सेव्ह' (जगतो की मरतो ते ठरवणारे फासे) टाकत इतरांची मजा बघायची.

घोरपड

पात्राची पार्श्वकथा पाच ओळींत: कुठून आला, काय हवंय, कशाला घाबरतो, कुणाचं देणं लागतो, आणि या टोळीसोबत का आहे. शेवटची ओळ चुकवायची नाही. 'माझं पात्र एकलकोंडं आहे, कोणावर विश्वास ठेवत नाही' हे नवख्यांचं लाडकं पात्र. ते कोपऱ्यात उभं राहतं आणि प्रत्येक प्रसंगात त्याला ओढून आणायचं काम इतरांच्या गळ्यात पडतं.

वेताळ_टेकडी

थोडं विरुद्ध मत मांडतो. सगळे डी अँड डीच का सुचवताय? ग्रुप मिळणं सोपं म्हणून, मान्य. १९७४पासूनचा खेळ, नाव सगळ्यांना माहीत, दहातल्या बहुतेक जाहिराती त्याच्याच. पण शिकायला तो हलका नाही. कॉल ऑफ क्थुलूत शंभरावरचा फासा टाकून आपल्या कौशल्याच्या आकड्याइतका किंवा खाली आणायचा, संपलं. तक्त्यावर 'लायब्ररी वापर ६०' लिहिलंय तर ६० टक्के संधी, शाळेतल्या मुलालाही कळतं. आणि ते मुळात तपासकथा असल्याने रहस्यकथा वाचत वाढलेला मराठी माणूस त्यात लगेच रमतो. केर्न, माउसरिटर या हलक्या खेळांचे नियमही फुकट आणि मोजक्या पानांचे. पात्र दहा मिनिटांत तयार.

ठाणे_स्लो

वेताळ, खेळ चांगले आहेत हो, पण पुण्यात केर्नचं चालू टेबल शोधायला निघालेला नवखा पुढच्या दिवाळीपर्यंत शोधतच राहील. गर्दी जिथे आहे तिथे आधी शिरावं. माणसं ओळखीची झाली की त्याच चौघांना क्थुलू खेळायला बसवता येतं.

वेताळ_टेकडी

हे पटलं. शोधायला डी अँड डी, स्वतः चालवायला हलका खेळ.

सांजवात

सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मुलींसाठी जास्त, पण सगळ्यांसाठीच.

पहिली भेट कॅफेत, ग्रंथालयात, कॉलेजात; कुणाच्या फ्लॅटवर नाही. 'सोबत मैत्रीण बघायला आली तर चालेल का' हे विचारा. चांगला डीएम 'अवश्य' म्हणतो, तिच्या हातात एखादं छोटं पात्रही देतो. कुरकुर झाली तर तिथेच सोडा. अठराच्या खालच्यांनी वय लपवू नये. मोठ्यांच्या टेबलावर विषय मोठ्यांचे असू शकतात, आणि पालकांना जागा आणि वेळ माहीत असावी.

कॅम्पेनच्या आधी 'सेशन झिरो' होतं का ते विचारा. त्यात फासे पडत नाहीत, ठरवाठरवी होते: सूर विनोदी की काळोखी, पात्र मरू शकतं का, पात्रांनी आपसात मारामारी चालेल का, कोणी गैरहजर असेल तर काय, कोणते विषय टेबलावर अजिबात नकोत आणि कोणते पडद्याआड उरकायचे. आपल्याकडे जात, धर्म आणि खरी राजकीय माणसं यांबद्दलही तिथेच बोलून घ्यावं. बाहेरच्या तयार यादीत हे मुद्दे नसतात आणि टेबल फुटतं ते यावरूनच. वन-शॉटला निदान एक्स-कार्ड असावं: कागदावर फुली मारून मध्ये ठेवायची, कुणाला प्रसंग नकोसा झाला तर त्याने कार्डावर बोट ठेवायचं, प्रसंग बदलतो, कारण विचारायचं नाही.

जाहिरातीतच ओळखता येणारी लक्षणं: दिवस आणि वेळ नाही पण जगाचा इतिहास दहा परिच्छेद, 'फक्त सीरियस खेळाडू', आठ-नऊ जणांचं टेबल, दहा सेशनचे पैसे आगाऊ. यातलं एक असेल तर प्रश्न विचारा, दोन असतील तर पुढची जाहिरात बघा.

कवडीचुंबक

पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून, सशुल्क डीएमबद्दल. स्टार्टप्लेइंगसारख्या साइटवर सीटचे दर बहुधा सेशनला १० ते २५ डॉलरच्या घरात असतात. आपल्या खिशाला दर आठवड्याला नाही परवडणार. पण एकदा पैसे देऊन वन-शॉट खेळणं वेडेपणाचं नाही: वेळ पक्की असते, डीएम तयारीत असतो, नवख्याला समजावणं हे त्याचं कामच असतं. चांगलं टेबल कसं चालतं हे एकदा बघितलं की फुकट टेबलं पारखता येतात.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी भर घालतो. इथे गावोगावी गेम स्टोअर असतात, त्यांच्या कॅलेंडरवर 'अ‍ॅडव्हेंचरर्स लीग' किंवा 'पॅथफाइंडर सोसायटी' शोधा. ही संघटित खेळाची व्यवस्था आहे: नियम सगळीकडे सारखे, पात्र तुमच्यासोबत फिरतं, आज या स्टोअरला, पुढच्या महिन्यात दुसऱ्या राज्यात, त्याच पात्राने. नवखा अचानक आला तरी बसवून घेण्याची सवय असते. नावनोंदणी बऱ्याच ठिकाणी वॉरहॉर्न साइटवर होते. पॅथफाइंडर सोसायटीत पहिल्या लेव्हलची तयार पात्रं मिळतात, काही न नेता गेलात तरी चालतं. रीत म्हणून स्टोअरमधून काहीतरी विकत घ्यावं, निदान कोल्ड्रिंक. टेबलाचं भाडं ते सहसा घेत नाहीत.

तोटाही सांगतो. संघटित खेळात प्रसंग चार तासांत उरकायचा असतो, पात्राच्या खासगी गोष्टीला जागा कमी. तिथे माणसं शोधायची आणि घरचं टेबल जमवायचं.

जेनकॉन हे गेमचं मोठं संमेलन इंडियानापोलिसला जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला भरतं. तिथे शेकडो टेबलं 'नवख्यांसाठी' अशी नोंदलेली असतात. आगाऊ तिकीट नाही मिळालं तर जेनेरिक (कुठल्याही टेबलाला चालणारी) तिकिटं घेऊन सेशनच्या दहा मिनिटं आधी टेबलापाशी उभं राहायचं. कोणी ना कोणी गैरहजर असतंच.

मराठीत खेळायचं असेल तर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारा, पण 'डी अँड डी' लिहू नका, कुणाला कळत नाही. 'चार जण मिळून गोष्ट रचायचा खेळ, फासे मी आणतो, रविवारी तीन ते सहा' असं लिहा.

कोरीपाटी

आणि यातलं काहीच जुळलं नाही तर?

वेताळ_टेकडी

तर स्वतः चालवा. मी गंमत करत नाहीये. तिरपा_फासाने वर सांगितलंय तेच गणित उलटं लावा: डीएम झालात की दुर्मीळ तुम्ही, खेळाडू तुम्हाला शोधत येतील.

डी अँड डी नको. 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा एका पानाचा फुकट खेळ घ्या. अंतराळयानावरचे लोक, कॅप्टन बेशुद्ध, संकट समोर. प्रत्येक खेळाडू २ ते ५ मधला एक आकडा निवडतो. डोकं आणि यंत्रं वापरायची तर फाशावर त्या आकड्याहून कमी यावं लागतं, मन आणि माणसं हाताळायची तर जास्त. फासा एक, तयारी असेल तर आणखी एक, पात्र त्यात तज्ज्ञ असेल तर आणखी एक. एकही फासा लागला नाही तर बिघडतं, एक लागला तर जमतं पण काहीतरी किंमत मोजून, दोन लागले तर छान, तीन लागले तर फर्स्टक्लास. नेमका आपलाच आकडा पडला तर तो लागलेला धरायचा, वर डीएमला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. ल्युडोच्या डब्यातले फासे चालतात.

बोलवा पाच जणांना, येतील चार. तीन तास धरा. पहिली वीस मिनिटं पात्रं. त्यानंतर दहा मिनिटांच्या आत कुणालातरी फासा टाकायला लावा. प्रस्तावना लांबली की नवखी माणसं प्रेक्षक होतात आणि मग बोलतच नाहीत. तयारी म्हणून तीन जागा, नावं असलेली तीन माणसं, आणि कुणी काहीच केलं नाही तर काय वाईट घडत जाईल याचे चार टप्पे, इतकं वहीच्या एका पानावर. गोष्टीचा शेवट लिहून ठेवू नका. शेवट लिहिला की तुम्ही लोकांना तिकडे ढकलत राहता आणि त्यांना ते कळतं. शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा, नाहीतर गोष्ट 'पुढच्या वेळी' वर लटकते आणि पुढची वेळ येत नाही.

खेळाडू म्हणून गेमर शोधू नका. नाटकात काम केलेले, अंताक्षरी आणि डंब शराड्सला पुढे सरसावणारे, ट्रेकच्या ग्रुपमधले. हे लोक पहिल्या तासात रंगतात.

सांजवात

आणि मराठीत बोला. नियमांचे शब्द इंग्रजी राहू देत, 'इनिशिएटिव्ह टाका' म्हटलं तर काही बिघडत नाही. पण सराईची मालकीण खास वऱ्हाडी ठसक्यात बोलली की सगळं टेबल जागं होतं.

घोरपड

टेबल जमल्यावर टिकवायचं गणित. डीएम धरून पाच माणसं, प्रत्येक जण दहात नऊ वेळा येतो असं धरा, म्हणजे अगदी शहाणी माणसं. तरी पाचही जण हजर असण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, साधारण ५९ टक्के. म्हणजे 'सगळे असतील तरच खेळू' म्हटलं की जवळजवळ निम्मे सेशन रद्द, आणि लागोपाठ दोन रद्द झाले की ग्रुप गेला. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: चारपैकी तीन खेळाडू आले की खेळ होणार, गैरहजराचं पात्र मागे सामान राखत बसणार.

वार पक्का ठेवा, दर वेळी पोल टाकू नका. महिन्यातून दोनदा, पहिला आणि तिसरा रविवार वगैरे. गणपती, दिवाळी, मार्चअखेर आणि परीक्षा आधीच रद्द धरून चाला.

ठाणे_स्लो

घरी खेळणार असाल तर: सोसायटीत रात्री दहानंतर पाच जण एकदम 'क्रिट!' (वीस पडले!) म्हणून ओरडले की खालचे काका येतातच. दुपारी तीन ते सात ठेवा. खायला कोरडं, वेफर्स आणि तेलकट भजी टेबलापासून लांब. यजमानाच्या आईला स्वयंपाकाला जुंपू नका, आळीपाळीने आणा.

नवशिका_साताऱ्याचा

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे आणि नोकरी शिफ्टची. यातलं काही जमेल का?

घोरपड

जमेल, पण नकाशावाले गेम सोडा. फाउंड्री या नकाशावर खेळायच्या सॉफ्टवेअरला लॅपटॉपच लागतो, रोल२० मोबाइलवर कसंबसं चालतं. जाहिरातीत 'थिएटर ऑफ द माइंड' असं असेल तिथे अर्ज करा: नकाशा नाही, सगळं बोलून. डिस्कॉर्डवर आवाज, पात्र डी अँड डी बियाँडवर, फासे अव्रे बॉटने. वायरचा इअरफोन घ्या. स्पीकरवर राहिलात तर सगळ्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. वीज जाते तिथे राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, आधी राउटरच्या अडॉप्टरवर व्होल्टेज वाचून घ्या.

शिफ्टमुळे वेळच नक्की नसेल तर प्ले-बाय-पोस्ट. डिस्कॉर्डवर लिहून खेळायचं, प्रत्येकाने दिवसातून एक पोस्ट. ही टेबलं बहुतेक लढाईत मरतात: पाच जण पाळीपाळीने लिहायला लागले की एका फेरीला आठवडा जातो. त्यामुळे अर्ज करताना विचारा, 'लढाईत ठरलेल्या क्रमाने लिहायचं की ज्याला जमेल त्याने आधी?' दुसरं उत्तर आलं तर घ्या. आणि २४ तासांत पोस्ट आली नाही तर डीएम ते पात्र पुढे हलवतो का, हेही विचारा.

अगदीच कुणी नाही मिळालं तर आयर्नस्वॉर्न एकट्याने खेळता येतो, पीडीएफ फुकट आहे.

कोरीपाटी

सांजवातने लिहिलेला मजकूर थोडा बदलून तीन ठिकाणी पाठवला. एकाने विचारलंय, 'रोग की फायटर?'

तिरपा_फासा

रोग. कुलूप उघडायला सगळे तुमच्याकडेच येतात, त्यामुळे दर प्रसंगात काहीतरी करायला मिळतं. स्नीक अटॅकचा जादा फासा कधी मिळतो तेवढं आधी वाचून जा: शत्रूच्या शेजारी आपला एक माणूस उभा असेल किंवा अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) असेल तेव्हा, पाळीला एकदाच, आणि तेही चपळाईच्या किंवा लांब पल्ल्याच्या शस्त्राने. नवे रोग हे विसरतात आणि तीन तास साध्या सुऱ्यावर काढतात.